वेताची खुर्ची

"सर... माझ्या रक्ताच्या नळीत काय निघालं?"

डॉ. धोंडांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

विचारणारी शलाका उपासनी ही त्यांची सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी, आणि ते तिला चांगलं ठाऊकही होतं. मेंदूच्या एका आजारावर दोघांचं संशोधन चाले. हातपाय आपोआप नाचू लागतात, पुढे बुद्धीही जाते. आईला किंवा बापाला असला, तर मुलात उतरायची निम्मी भीती. औषध अजून कुणालाच सापडलेलं नाही. रक्त तपासलं की मात्र कितीतरी आधी कळतं.

नळीत दोष निघाला की शलाका खूश व्हायची. तेवढीच अभ्यासात भर! जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, दुसरं काय.

दोष निघालेल्या माणसाला सर स्वतः सांगत. आपली वेताची खुर्ची उचलून टेबलापलीकडे नेत, त्याच्या शेजारी बसत आणि मगच तोंड उघडत. एवढा सोपस्कार कशाला, मी सांगते दोन मिनिटांत, असं शलाका वरचेवर म्हणायची. सरांचं उत्तर ठरलेलं.

"ती खुर्ची जड आहे गं. तुला उचलायची नाही."

वेताची खुर्ची, म्हणे जड! तिला हसू यायचं.

मग दिवाळीला ती घरी गेली. पणत्या लावून आई ओट्यावर टेकली होती, आणि तिची बोटं मांडीवर आपोआप नाचत होती. शलाकाला कुणी काही सांगायची गरज नव्हती. परत आल्या आल्या तिनं स्वतःचं रक्त सरांच्या हवाली केलं.

आता सर उठले. त्यांनी खुर्ची उचलली आणि टेबलाला वळसा घालून निघाले.

"नको सर," ती म्हणाली. "तिथूनच सांगा..."

सर तिच्या शेजारी येऊन बसले.

ती खूप रडली. सरांनी तिला गप्प केलं नाही.

बाहेर बाकावर मिरजेचा एक तरुण मघापासून ताटकळत होता. त्याच्याही नळीत दोष होता. बऱ्याच वेळानं सरांनी खुर्ची परत जागेवर ठेवली आणि स्वतः दाराशी जाऊन उभे राहिले.

"त्याला आज तू सांग."

"मी? सर, माझ्या हातात त्राण नाही..."

"म्हणून तर आता ती खुर्ची उचलवेल तुला."