पोमाचा खांदा

एका राज्यात मीठ समुद्राकाठी पिकत होतं आणि ते खाणारी तोंडं घाटापलीकडे होती. मध्ये तीन दिवसांची वाट. मीठ रायबाशेटचं, बैल हामला नाईकाचे. वीस वर्षं दोघांचं चांगलं जमलं, कारण त्यांची एक रीत होती. शेटनं गोणीत कोपरापर्यंत हात घालायचा, आत काय आहे ते मोठ्यानं सांगायचं आणि मग तोंड बांधायचं. बांधलेली गोण नाईक कधी उघडत नसे. शेटही तांड्याच्या बैलांना पाणी पाजल्याशिवाय जेवायला बसत नसे. सारं राज्य या दोघांच्या शब्दावर चाललं होतं, पण राजांना हे कधी कळतं?

त्या राजाला मुकुट हवासा वाटला. साधा नव्हे, समुद्राकाठच्या मांत्रिकाकडचा, सात रत्नांचा, शापित. मांत्रिकानं तो राजाकडे पोचवायला रायबाशेटच्या हाती दिला आणि बजावलं, "ज्याच्यावर हे ओझं टाकाल त्याला सांगून टाका, म्हणजे शाप निजून राहील. लपवून टाकलंत तर जागा होईल."

राजाचा हुकूम मात्र असा, की कुणाला कळता कामा नये. शेट कात्रीत सापडला. नाईकाला सांगितलं तर तो नाही म्हणेल, ही त्याची भीती. म्हणून त्यानं विचारलंच नाही. वीस वर्षांच्या ओळखीत एवढंही विचारता येऊ नये? मला तर याचाच संताप येतो.

त्यानं मुकुट मिठात पुरला, गोणीत हात घातला आणि म्हणाला, "मीठ."

नाईक म्हणाला, "बरं, शेटजी."

निम्म्या घाटात बैल अडखळला. नाईकाचा धाकटा भाऊ पोमा धावला. त्यानं गोणीला खांदा दिला आणि तसाच, खांदा लावलेला, दगडाचा झाला. बैलही दगडाचा झाला. गोण फुटली, मीठ सांडलं, आणि नाईकानं मिठात मुकुट पाहिला. त्या घटकेपासून घाटात कुठल्याही पाठीवरचं ओझं पावलागणिक वाढू लागलं. तांडे जागीच बसले. पलीकडच्या गावांत गुरं खारट भिंती चाटू लागली, आणि गुरांच्या मागे माणसं रांग लावून उभी राहिली.

राजानं दोघांना दरबारात बोलावलं. तिथं एक साळुंकी होती. ती खोटं बोलत नसे, म्हणून तिला पिंजऱ्यात ठेवलं होतं. ती म्हणाली, "कामं तीन. पहिली दोन शेटची. त्यानं मुकुट स्वतःच्या पाठीवर नेऊन मांत्रिकाला परत द्यावा. मग साऱ्या तांड्यासमोर खरं सांगावं. एवढ्यानं घाट मोकळा होईल."

"आणि माझा पोमा?" नाईकानं विचारलं.

"तिसरं काम तुझं. शेटनं भरलेली एक गोण त्याच्या शब्दावर घे. न उघडता पोमापर्यंत ने आणि त्याच्या खांद्याला टेकव. तो उठेल."

"योग्य आहे," राजा म्हणाला. त्याच्या वाट्याला एकही काम आलं नव्हतं.

शेटनं घाटातून मुकुट उचलला. ओझं वाढत गेलं तसा तो आधी वाकला, मग रांगला, शेवटी पोटावर सरकला. अकराव्या दिवशी मांत्रिकानं मुकुट घेतला आणि दार लावून घेतलं. मग शेट तांड्यासमोर उभा राहिला. "मी जाणूनबुजून फसवलं," तो म्हणाला. "राजाच्या भीतीनं." तांड्यातल्या बायांनी पाठ फिरवली. पण घाटात बसलेले बैल उठले.

तिसऱ्या कामासाठी शेटनं मिठागरात स्वतः गोण भरली. कोपरापर्यंत हात घातला. "मीठ," तो म्हणाला. "नाईक, माझ्या लेकरांची शपथ, नुसतं मीठ."

वीस वर्षांत त्यानं कधी शपथ घेतली नव्हती. नाईकाला ती शपथच बोचली.

नाईकानं गोण पाठीवर घेतली आणि तो चालू लागला. शेट दहा पावलं मागून येत होता. दुसऱ्या दिवशी नाईकाला गोण जड वाटली. ती जड नव्हती. तिसऱ्या दिवशी तो भावासमोर उभा राहिला. खांदा हातभर अंतरावर होता. याच खांद्यावर आधीही शेटच्या शब्दाची गोण टेकली होती. पुन्हा तेच झालं तर? त्याची बोटं गाठीवर गेली.

"नाईक, नको!" शेट ओरडला.

गाठ सुटली. नाईकानं दोन्ही हात तळापर्यंत घातले, उपसून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"शेटजी," तो म्हणाला, "मीठच होतं."

पोमा उठला नाही.

बाकी सगळं ठीक झालं. घाटाचा शाप फिटला, तांडे चालू लागले, घरोघरी आमटीला चव आली. राज्याची घडी बसली, अशी राजानं दवंडी पिटवली आणि घाटाच्या तोंडाशी चौकी बसवली. तिथं आता प्रत्येक गोण उघडून बघतात. नाईकानं घाई केली, असं लोक म्हणतात. म्हणणाऱ्यांचे भाऊ घरी जेवत बसलेले असतात. रायबाशेट आणि हामला नाईक अजूनही एकत्रच काम करतात, कारण मीठ तर जायलाच हवं. निम्म्या घाटात दोघं थांबतात, पोमाच्या अंगावरची धूळ पुसतात, एक या बाजूनं, एक त्या बाजूनं, आणि एकमेकांशी न बोलता पुढे जातात.