दहावा कोनाडा

एका राज्यात नवं काही टिकत नसे. जुनं सगळं ठाकठीक होतं. जुनी गाणी सुरात होती, जुनी भांडणं जोरात होती, जुन्या खिरीत वेलदोडाही बेताचाच पडे. पण राज्यात जे नव्याने येई, ते दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताच सगळ्यांच्या मनातून पुसलं जाई. नदीने पात्र बदलून दोन पिढ्या लोटल्या होत्या. तरी बायका रोज सकाळी घागरी घेऊन जुन्या घाटावर जात, वाळू बघून हळहळत आणि मग नदी शोधायला निघत.

हे लिहून ठेवावं, असं कुणालाच सुचलं नसेल का? पुष्कळांना सुचलं होतं. पण ते सुचणंही नवंच. सकाळी तेही गेलं.

या राज्याच्या राजाशी, भद्रसेनाशी, परराज्यातल्या चारुमतीचं लग्न झालं. अंतरपाट दूर झाला तेव्हा तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं, आणि दुसऱ्या सकाळी ती त्याला विसरली. परक्या खोलीत, परक्या छताखाली तिचे डोळे उघडले. किंचाळावं असा विचार मनात येतो आहे तोवर तिचा हात सवयीने उशीखाली गेला. तिथे वही होती.

ती सवय मात्र जुनी होती, माहेरची. चारुमतीची आई झाडपाल्याची वैद्य. लेक सात वर्षांची झाली तेव्हा तिने तिला एक वही आणि कोळशाची कांडी दिली. "दिवस मावळायच्या आत रोज एक तरी गोष्ट बघून काढायची. जे दिसलं नाही, ते काढायचं नाही. तिथे जागा रिकामी ठेवायची. रिकामी जागा म्हणजे उद्याचं काम." या रीतीने चारुमती अडीचशे वनस्पती शिकली होती. सवय राज्याबाहेरून आलेली, सात वर्षांच्या वयापासून हाडांत मुरलेली. तिच्यावर इथल्या शापाचं काही चाललं नाही.

वहीत कालची पानं होती. हा महाल. ही विहीर. या राजमाता. हा नवरा. शेजारी तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'घाबरू नकोस. हे तुझं सासर.'

रोजची सकाळ मग एकाच वळणाने जाई. राजमाता पूजेला जाताना तिला पाहून थबकत.

"आपण कोण, बाई?"

"आपली सून."

"असं? कधीपासून?"

"वहीप्रमाणे नऊ दिवस झाले."

"मग कुणी सांगितलं कसं नाही मला!" असं म्हणून त्या दासींवर रागावत. दासीही रोज मनापासून चकित होत.

राजाकडे ती वही घेऊनच जाई. तो चित्र बघे, मग आरशात बघे.

"हा मी आहे खरा. आणि आपण?"

"आपली पत्नी."

"पुरावा?"

ती चित्राच्या कोपऱ्यातली मोहर दाखवी. जे पटलं त्यावर मोहर उठवायची, ही राजघराण्याची जुनी रीत. सोळाव्या दिवशी भद्रसेनाने मोहरा मोजल्या.

"पंधरा. म्हणजे पंधरा वेळा मला पटलंय. मीच मला खोटं कसं पाडणार?" तो हसला आणि त्याने सोळावी उठवली. "बसा. आज पुन्हा ओळख करून घेऊ."

त्या दिवशी चारुमतीने सोळा चित्रं एकापुढे एक मांडली. पहिल्यात राजाचा चेहरा दगडी होता, रेघा घाबरलेल्या होत्या. सहाव्यात ओठांची कड जराशी वर गेलेली. बाराव्यात डोळे असे काढलेले, की ते काढणारी या माणसाच्या प्रेमात पडत चालली आहे हे कुणालाही कळावं. ते काढणारी बाई ती स्वतःच होती. तिला संकोच वाटला, आणि मग फार वाईट वाटलं, कारण यातलं काहीच तिला आठवत नव्हतं.

आणखी एक गोष्ट तिच्या नजरेने टिपली. राजाच्या डाव्या कानाच्या वरच्या कडेला, लहानपणी बाण चाटून गेल्याची खाच होती. पहिल्या दिवशी तो कान नऊ रेघांत निघाला होता. सोळाव्या दिवशी एका रेघेत. तिने समासात लिहिलं: 'रोज विसरते, तर रेघ सुधारते कशी?' आणि खाली जागा रिकामी ठेवली.

मग ती बागेत गेली. तगरीच्या कुंपणात भारद्वाज बसला होता. ती त्याला काढू लागली.

"बाई, शेपटी लांब झाली," भारद्वाज म्हणाला.

"आपण बोलता?"

"आधी शेपटी."

तिने शेपटी नीट केली. पक्ष्याने तांबडा डोळा वहीकडे वळवला.

"माझं घरटं सीमेपलीकडे आहे. इथे मी फक्त किडे खायला येतो. म्हणून मला आठवतं. देवघराबाहेरच्या भिंतीत दहा कोनाडे पाहिलेत?"

"वहीत आहेत. नऊ कोनाड्यांत जोडवी आहेत. कुणाची, ते ठाऊक नाही. जागा रिकामी ठेवली आहे."

"भरा ती. परराज्यातून या घरात नऊ सुना आल्या. लग्नानंतर एकविसाव्या दिवशी ओळखविधी असतो. शंभर तरुण एकाच वेशात उभे करतात, सुनेने त्यांतून नवरा ओळखायचा. नऊजणींना तो ओळखता आला नाही. त्यांनी पायातली जोडवी उतरवली, कोनाड्यात ठेवली आणि त्या माहेरी गेल्या."

"दहावा कोनाडा झाडून ठेवलेला दिसतो."

"विधीची तयारी जुनीच आहे. ती कुणी विसरत नाही."

चारुमतीने आपल्या पायांकडे पाहिलं. "यावर उपाय?"

"राजाच्या आजोबांकडे एक मायावी आला होता, नव्या विद्या शिकवायला. आजोबा म्हणाले, आम्हाला शिकण्यासारखं काही उरलेलं नाही. मायावी म्हणाला, तर मग तसंच होवो. तो मागच्या टेकडीवर राहतो. राज्याच्या विसरलेल्या सगळ्या सकाळी त्याच्या पेटीत आहेत."

चारुमतीने टेकडीची वाट काढून घेतली आणि सतराव्या सकाळी वही वाचून ती निघाली.

मायावी दारातच बसला होता, वयोवृद्ध आणि चिडका.

"शाप उतरवा," ती म्हणाली.

"तीन नव्या गोष्टी टिकवून दाखव. उतरेल." त्याने एक रोप दाखवलं. "उद्या हे ओळख."

तिने ते काढलं. अठराव्या दिवशी ती पोचली तेव्हा अंगणात तसलीच शंभर रोपं होती. चित्रातल्या पानाचे दाते उलटे होते, देठाकडे वळलेले. असं पान तिने कधी पाहिलं नव्हतं. कालची आपली नजर चुकली असावी, असं तिला वाटलं. पण समासात टीप होती: 'दाते उलटेच आहेत. तीनदा पाहिलं.' तिने कालच्या स्वतःवर विश्वास ठेवला. अठ्ठेचाळिसावं रोप उलट्या दात्यांचं निघालं.

"हं," मायावी म्हणाला. त्याने पेटी पुढे ओढली आणि तिच्या कुलपाचं पोट उघडून दाखवलं. "उद्या याची किल्ली करून आण."

आत तीन खटके होते. दोन स्पष्ट दिसले. तिसरा दुसऱ्याच्या आड अर्धा लपलेला. सूर्य कलला होता, टेकडी उतरायची होती. आईच्या औषधांच्या पेटीचं कुलूप असंच होतं, त्याचा तिसरा खटका सरळ होता. चारुमतीने तो तसाच काढून टाकला.

एकोणिसाव्या दिवशी तिने चित्राबरहुकूम शिसवी किल्ली कोरली. कुलपात ती दोनदा फिरली, तिसऱ्यांदा अडली आणि मोडली.

"तिसरा खटका कुठे पाहिलास?"

ती खरं बोलली. "माहेरी पाहिला असणार."

"मग माहेरचं कुलूप उघड."

चारुमतीचे कान तापले. वहीत पहिल्यांदाच न पाहिलेलं शिरलं होतं, आणि ते तिच्याच हाताने. "मला पुन्हा पाहू द्या."

"पाहा. पण दंड आहे. तिसऱ्या कामाला वही माझ्याकडे राहील."

"चालेल," ती म्हणाली आणि लग्नातल्या शालूसकट जमिनीवर आडवी झाली. खालून पाहिल्यावर तिसरा खटका दिसला: माशाच्या गळासारखा वाकडा. तिने तो काढला. पुन्हा पाहिला, पुन्हा काढला.

विसाव्या दिवशी कुलूप उघडलं. झाकण मात्र हललं नाही.

"तिसरं काम सोपं आहे. उद्या ओळखविधी. नवरा ओळख," मायावी म्हणाला आणि त्याने हात पुढे केला.

तिने वहीतली वीस चित्रं सावकाश चाळली. एखादं पान फाडून कंबरेला खोचता आलं असतं. तिने फाडलं नाही. वही मिटली आणि दिली.

एकविसाव्या सकाळी परक्या खोलीत तिचे डोळे उघडले. हात उशीखाली गेला. काही नव्हतं.

ती उठून बसली. हे घर कुणाचं, ते कळेना. पायांत जोडवी होती, म्हणजे लग्न झालेलं. बोटं कोळशाने काळी होती. तिने ती बराच वेळ पाहिली. कुठेही असले, तरी काल मी काहीतरी काढत होते, असं तिने स्वतःला सांगितलं आणि केस विंचरले.

दरबारात शंभर तरुण उभे होते. एकच वेश, एकच पागोटं, प्रत्येकाच्या कानात भिकबाळी. एका वृद्ध राणीने तिच्या हातात हार दिला.

"बाई, यांतला तुमचा नवरा कोणता?"

शंभरही चेहरे तिला सारखेच अनोळखी होते. एकजण जांभई देत होता, एकाला शिंक आवरत नव्हती.

"मला कोळसा हवा," चारुमती म्हणाली.

धूपदाणीतला विझलेला कोळसा आला. ती पांढऱ्या फरशीवर बसली.

"फरशी खराब होईल," राणी म्हणाली.

"पुसून देईन."

तिने रांगेतल्या पहिल्या तरुणाकडे पाहिलं आणि त्याचा कान काढायला घेतला. हाताने ऐकलं नाही. तिची नजर एका कानावर होती आणि हात भलताच कान काढत होता. एका रेघेत, न अडखळता, वरच्या कडेला खाच. तिने पुसून पुन्हा काढला. पुन्हा तोच, पुन्हा एका रेघेत.

"मला हा माहीत नाही," ती स्वतःशीच म्हणाली, "पण या हाताला माहीत आहे." आणि कोळसा तसाच धरून ती रांगेपाशी गेली. एकेक डावा कान बघत चालली. घाई केली नाही, एकही कान वगळला नाही, दिसला नाही तिथे पागोटं सरकवायला लावलं. त्रेसष्टाव्या तरुणाच्या कानाला खाच होती.

तिने त्याच्या गळ्यात हार घातला.

"आपण कोण?" तो हळूच म्हणाला.

"ते मलाही आत्ताच कळतंय," ती म्हणाली.

टेकडीवर झाकण उघडलं. दोन पिढ्यांच्या सकाळी बाहेर पडल्या आणि ज्याच्या त्याच्याकडे परत गेल्या. घाटाकडे निघालेल्या बायका मध्येच वळून नव्या नदीकडे चालू लागल्या. भद्रसेनाला वीस दिवस एकदम आठवले. तो इतका लाजला, की खाचेसकट कान लाल झाला.

राजमाता मात्र नवव्या कोनाड्याशी गेल्या आणि तिथली जोडवी त्यांनी ओंजळीत घेतली.

"ही माझ्या धाकट्या जावेची," त्या म्हणाल्या. "एकवीस दिवस होती. मी रोज तिला विचारायची, आपण कोण. रोज दुपारपर्यंत आमची मैत्री व्हायची." मग त्यांनी डोळे पुसले आणि हुकूम सोडला, "नऊ पालख्या काढा. ज्या हयात असतील त्यांची माझ्या वतीने क्षमा मागा. हिच्याकडे मी स्वतः जाते."

मायावी वही घेऊन उतरला. "हाताला शाप द्यायचा राहिला," तो कुरकुरला.

"नव्या विद्या शिकवाल का?" राजाने विचारलं.

"शिकायला कोण बसेल?"

"मी. आणि आधी चित्र काढायला शिकेन." भद्रसेनाने तिथेच चारुमतीला काढलं. तिने ते बघून घेतलं.

"हे नाक कुणाचं?"

"नीट दिसलं नाही."

"मग जागा रिकामी ठेवायची," ती म्हणाली, "आणि उद्या पुन्हा बघायचं."

दहाव्या कोनाड्यात तिने कोळशाची कांडी ठेवली. वही उघडून 'रेघ सुधारते कशी?' याच्या खालच्या रिकाम्या जागेत तिने एक हात काढला, आपलाच, काळ्या बोटांचा.

राजाने त्यावर मोहर उठवली. चारुमतीची जागा भरली. ज्याची जी रिकामी असेल, तीही अशीच भरत जावो.