राणीच्या खुराड्यातले कोमट पाणी

एका राज्यात हिवाळा असा कडक पडे, की विहिरीत सोडलेला पोहरा पाण्यावर टणकन वाजून तसाच कोरडा वर येई. माणसे गोधड्यांत शिरत, गुरे गोठ्यात एकमेकांना चिकटून उभी राहत, पण कोंबड्यांचे हाल कुणी विचारीत नसे. पाण्याचे भांडे गोठले, की कोंबडी त्यावर चोच आपटी आणि तहानलेलीच माघारी फिरे.

या राज्याचा राजा धवलकेतू. राजा शूर होता, दिलदार होता, आणि एकदा मनात घेतले की कुणाच्या बापाचे ऐकत नसे. त्याची राणी इंदुलेखा. लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत राजा उत्तरेच्या डोंगरावर शिकारीला गेला. तेथे त्याला बर्फात उगवलेले ज्वारीचे एक सोन्याचे कणीस दिसले. बर्फात ज्वारी येत नाही, आणि आलीच तर ती सोन्याची नसते, एवढे कुणालाही कळले असते. राजाला कळले नाही. त्याने कणीस मोडले, घरी आणले आणि हौसेने राणीच्या अंबाड्यात खोवले. त्याच क्षणी राणीची पांढरी कोंबडी झाली आणि दिवाणखान्यातल्या गालिच्यावर इकडेतिकडे पाहू लागली.

त्या डोंगराची मालकीण हिवाई नावाची जादूगारीण होती. ती राजवाड्याच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या पदराच्या काठाला बर्फ लोंबत होता.

"माझे कणीस मोडलेस," हिवाई म्हणाली.

"चूक झाली. परत घे," राजा म्हणाला.

"मोडलेले कणीस पुन्हा धाटाला लागत नाही. तुझी राणी दर हिवाळ्यात कोंबडी होईल आणि दर वसंतात पुन्हा बाई होईल. मात्र तिचे पाणी गोठू देऊ नकोस, दाणा गोठू देऊ नकोस, आणि तिलाही गोठू देऊ नकोस. तिन्हींतले एक जरी गोठले, तर ती कोंबडीच राहील."

एवढे बोलून ती वितळून गेली आणि उंबऱ्यावर पाण्याचे थारोळे राहिले.

राजाने त्यानंतर जे केले ते चांगले केले. हे आताच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याच्याविषयी चांगले सांगण्यासारखे फारसे नाही. त्याने दक्षिणेकडे तोंड करून खुराडे बांधले. संध्याकाळी तो पाण्याचे भांडे रिकामे करून पालथे घाली, आणि तांबडे फुटायच्या आत स्वतः चूल पेटवून कोमट पाणी घेऊन जाई. शिपाई, दासी, प्रधान, कुणालाही तो त्या भांड्याला हात लावू देत नसे.

आता नवल असे, की पहिला घोट पोटात गेला की कोंबडी झालेल्या राणीला माणसाच्या वाणीने एक वाक्य बोलता येई. एकच. मग दुसऱ्या पहाटेपर्यंत नुसते कुकुक. आपल्याला कसे सांभाळावे हे तिनेच राजाला असे एकेका वाक्याने शिकवले. एका पहाटे ती म्हणाली, "महाराज, खाली गुडघाभर पेंढा घाला, तो आतून तापतो." दुसऱ्या पहाटे म्हणाली, "भिजवलेला दाणा दगड होतो, मला कोरडाच घाला." एकदा म्हणाली, "छपराजवळचा झरोका कितीही थंडी पडली तरी बुजवू नका, नाहीतर श्वासाची ओल आतच राहते." आणि एका पहाटे म्हणाली, "काल स्वप्नात कढी पाहिली आणि आपण ती एकट्याने संपवलीत." राजा त्या दिवशी दरबारात एकटाच हसत बसला होता आणि प्रधान काळजीत पडला होता.

अशी वर्षे लोटली. हिवाळ्यात कोंबडी, वसंतात राणी. राजाचे केस पिकले, गुडघे धरू लागले. पहाटेचे ते उठणे त्याला जड जाऊ लागले. शेजारचे राजे पाहुणे येत आणि हातात कोंबडीचे भांडे घेतलेल्या राजाला पाहून मिशीत हसत. राजाला ते लागे. हळूहळू तो पाणी ठेवून लगेच माघारी फिरू लागला आणि वाक्य अर्धेच ऐकू लागला.

तेव्हा दरबारात अंगारनाथ नावाचा मांत्रिक आला. त्याच्या तळहातावर सुपारीएवढा लाल खडा होता.

"महाराज, हा अंगारमणी. भांड्यात टाका. पाणी कधीही गोठणार नाही."

"आणि दाणा?"

"याच्या उबेने दाणाही गोठणार नाही. फक्त तो वरचा झरोका बुजवा. ऊब वाया जाते. आणि आपण निश्चिंत निजा."

राजाच्या मनात काहीतरी चुकचुकले. झरोक्याबद्दल राणी काही बोलली होती खरी, पण काय ते त्याला नीट आठवेना. पहाटेची झोप डोळ्यांपुढे दिसत होती, म्हणून त्याने आठवायचा फारसा प्रयत्नही केला नाही. त्याने स्वतःच्या हाताने माती कालवली आणि झरोका लिंपून टाकला.

तो हिवाळा राजा पोटभर झोपला. दुपारी कधी तो खुराड्याच्या फटीतून डोकावे. भांड्यातून वाफ निघत असे, पाणी पाणीच असे, दाणा मोकळा असे. हिवाईने सांगितलेले सगळे आपण पाळतो आहोत, असे त्याला वाटे. पहिला घोट पहाटे घेतला जातो आणि राणी पहाटेच बोलते, हे जणू तो विसरूनच गेला.

वसंत आला. पळस फुलला. राजाने नवे लुगडे हातावर घेऊन खुराड्याचे दार उघडले. आतून कोंबडी बाहेर आली. तिचा लाल तुरा काळा पडला होता. राजा ऊन डोक्यावर येईपर्यंत थांबला. कोंबडी कोंबडीच राहिली.

राजाने मांत्रिकाला बोलावणे पाठवले, पण तो केव्हाच दुसऱ्या राज्यात गेला होता. त्याला दोष तरी काय द्यावा? पाणी खरोखरच गोठले नव्हते.

खुराड्याच्या वाशावर एक पिंगळा राहत असे. छोटेसे घुबड, डोळे मोठे. तो बोलला.

"राजा, मी हिवाळाभर इथेच होतो."

"काय पाहिलेस?"

"मण्याची वाफ वर जाई. झरोका बंद. मग ती वाफ राणीच्या तुऱ्यावर उतरे आणि पहाटेच्या गारठ्यात तिचा बर्फ होई. पाणी वाचले, दाणा वाचला, राणी गोठली."

"ती काही बोलली?"

"रोज बोलली. 'महाराज, झरोका उघडा.' रोज हेच. शेवटी शेवटी नुसतेच 'झरोका उघडा' म्हणे."

राजा पेंढ्यात बसला आणि रडला. ज्याने सोन्याच्या कणसापायी एकदा तिला गमावले, त्याने झोपेपायी तिला दुसऱ्यांदा गमावले होते. पहिल्या वेळी त्याला ठाऊक नव्हते. या वेळी ठाऊक होते, आणि हेच त्याला सोसवेना.

त्याने कोंबडीला शालीत घेतले आणि तो उत्तरेचा डोंगर चढला. तेथे हिवाळा कधी संपत नाही. शिखरावर हिवाई बर्फ निवडत बसली होती.

"तिला बाई कर," राजा म्हणाला.

"तीन कामे कर," हिवाई म्हणाली. "पहिले. पायथ्याच्या झऱ्याचे पाणी इथवर आण. ते गोठता कामा नये. आग नको, मंत्र नको."

राजाने कोंबडीला शालीत गुंडाळून शिखरावरच्या कपारीत ठेवले आणि तो खाली उतरला. दुधीभोपळ्याच्या कोरड्या तुंब्यात त्याने पाणी भरले, आत लाकडाचा एक तुकडा सोडला, तुंबा लोकरीत गुंडाळला आणि पोटाशी बांधला. मग तो वर चढू लागला. लाकूड आत हिंदकळत राहावे म्हणून तो चालताना डुलत होता, धाप लागली तरी थांबत नव्हता. त्याच्या दाढीत बर्फ धरला, पण तुंब्यातले पाणी पाणीच राहिले. कोंबडी ते प्याली. राजा कान देऊन बसला. ती नुसते कुकुक म्हणाली.

"दुसरे," हिवाई म्हणाली. "हे धुके ओसरेपर्यंत तिचा दाणा मोकळा ठेव."

इथे राजा फसता फसता राहिला. राणी किती दिवसांची उपाशी, म्हणून लाडाने त्याने निम्मा दाणा बरोबर आणलेल्या दुधात भिजवला. बघता बघता त्याचा गोळा झाला आणि चोचीने फुटेना. तेव्हा त्याला राणीचे वाक्य आठवले. उरलेला दाणा त्याने कोरड्या फडक्यात बांधून काखेत धरला आणि धुक्यात तसाच बसून राहिला. अंगरखा भिजून कडक झाला. धुके ओसरले तेव्हा फडक्यातला दाणा मुठीतून सुटा सुटा सांडला.

"तिसरे," हिवाई म्हणाली. "या डोंगरावर माझ्याशी कुणी बोलत नाही. तुझ्या राणीने पहाटे सांगितलेली सगळी वाक्ये मला दे. वाक्याबरोबर ती पहाटही जाईल."

"दुसरे काही माग. राज्य घे."

"राज्य मला काय करायचे आहे? तिथे उकडते."

"तिला आठवतील?"

"तिला आठवतील. तुला नाही."

त्या पहाटांखेरीज इतक्या वर्षांत आपण राणीजवळ निवांत असे कधी बसलोच नाही, हे राजाला तेव्हा उमगले. वसंत आला की दरबार असे, स्वाऱ्या असत. त्याने शालीतल्या काळ्या तुऱ्याकडे पाहिले आणि बोलायला सुरुवात केली. एकेक वाक्य ओठांतून बाहेर पडले की त्याची बर्फाची गार होई आणि हिवाई ती ओटीत घेई. कढीचे वाक्य त्याने सर्वांत शेवटी ठेवले होते. ते दिल्यावर तो हिवाईकडे पाहत राहिला आणि आपण आता काय दिले हे त्याला सांगता येईना. 'महाराज, झरोका उघडा' हे त्या शेवटच्या हिवाळ्यातले वाक्य मात्र त्याच्याजवळच राहिले, कारण ते त्याने राणीच्या तोंडून ऐकले नव्हते, पिंगळ्याच्या तोंडून ऐकले होते.

अंबाड्यात खोवलेले ते सोन्याचे कणीस शालीतून खाली पडले आणि बर्फात विरून गेले. राणी इंदुलेखा उभी राहिली. तुरा गोठला होता, त्यापायी कानांच्या पाळ्यांची टोके तेवढी झडली होती. त्यानंतर तिने कर्णफुले कधी घातली नाहीत आणि राजाने कधी आणली नाहीत.

शाप सरला. राणीच्या सांगण्यावरून राज्यात दवंडी फिरली, की संध्याकाळी कोंबड्यांची भांडी पालथी घालावीत, पहाटे कोमट पाणी द्यावे, दाणा कोरडा घालावा, झरोका उघडा ठेवावा, आणि कोंबड्या प्याल्याशिवाय घरात कुणी पाण्याला तोंड लावू नये. अंगारमणी राजवाड्याच्या न्हाणीघरात ठेवला. तिथे तो कामाला आला.

पुढचा हिवाळा आला. राणी बाईच राहिली. राजा मात्र तांबडे फुटायच्या आत जागा झाला. का ते त्याला ठाऊक नव्हते, हातांनाच सवय होती. त्याने पाणी तापवले आणि तो वाड्यातल्या साध्या कोंबड्यांकडे गेला. मागून राणी शाल लपेटून आली आणि पेंढ्यात त्याच्याशेजारी बसली.

"तू पहाटे काय बोलत असस, ते एखादे सांग," राजा म्हणाला.

राणीने जरा विचार केला. "एका हिवाळ्यात मी म्हणाले होते, 'महाराज, मला आपले नाव आठवत नाही.' कोंबडी होऊन फार दिवस झाले की विसरायला होई."

"मग मी काय केले?"

"आपण दरबार सोडून दिलात. दिवसभर इथे पेंढ्यात बसलात आणि आपले नाव मला पुन्हा पुन्हा सांगत राहिलात. प्रधान दोनदा बोलवायला आला, त्याला हाकलून दिलेत. दुसऱ्या पहाटे मी आपल्याला नावाने हाक मारली."

राजा हातातल्या भांड्याकडे पाहत राहिला. त्यातून वाफ निघत होती.

"मी असा होतो?" त्याने विचारले.

"होतात," राणी म्हणाली. "पाणी निवते आहे. घाला त्यांना."