भुंगीबाईचं पिवळं फूल

ऊन होतं कडक. ढग एकसुद्धा नाही. वारा सुटला, धूळ उडाली. भुर्र भुर्र!

माझ्या कुंपणाला तरवडाचं झुडूप. बुटकं, फांद्याफांद्यांचं. त्यावर एकच पिवळं फूल. तेही पडलं. टप्प!

इवलीशी भुंगी आली. गुंई गुंई.

"अगंबाई! माझं फूल कुठं गेलं? फुलातलं पिवळं पीठ नेते, तेव्हा माझी बाळं जेवतात. आता काय खातील?"

भुंगी म्हणाली,
"तरवडा, तरवडा, फूल दे.
बाळं माझी भुकेली."

तरवड म्हणाला, "देईन गं. पण पाय माझे ओले. मला कोरडं आवडतं. आधी माती वाळू दे."

भुंगी गेली मातीकडं. गुंई गुंई.
"माती, माती, वाळ ना.
माती वाळेना,
तरवड फूल देईना,
बाळं माझी भुकेली."

माती म्हणाली, "वाळेन गं. पण रोज पाणी येतं. आधी पाण्याला थांबव."

भुंगी गेली पाण्याकडं. गुंई गुंई.
"पाण्या, पाण्या, थांब ना.
पाणी थांबेना,
माती वाळेना,
तरवड फूल देईना,
बाळं माझी भुकेली."

पाणी म्हणालं, "थांबेन गं. पण बादली मला ओतते. भस्सकन! आधी बादलीला थांबव."

भुंगी गेली बादलीकडं. गुंई गुंई.
"बादली, बादली, थांब ना.
बादली थांबेना,
पाणी थांबेना,
माती वाळेना,
तरवड फूल देईना,
बाळं माझी भुकेली."

बादली म्हणाली, "थांबेन गं. पण अक्का मला उलटी करते. आधी अक्काला सांग."

ही अक्का म्हणजे गजराक्का, माझी शेजारीण. कुंपणापलीकडं भांडी विसळत होती. खळखळ, खळखळ.

भुंगी गेली अक्काकडं. गुंई गुंई.
"अक्का, अक्का, थांब ना.
अक्का थांबेना,
बादली थांबेना,
पाणी थांबेना,
माती वाळेना,
तरवड फूल देईना,
बाळं माझी भुकेली."

अक्कानं कमरेवर हात ठेवले.
"वा गं भुंगे! विसळलेलं पाणी काय वाटेवर फेकू? आमच्यात कुणी फेकत नाही. झाडाला घालतात. बघ तरवड, बिचारा उन्हात उभा!"

"त्याला नको, अक्का."

"मग कुणाला हवं? तहानलेलं कुणी दाखव. मग थांबते."

भुंगी गेली लिंबाकडं. लिंब म्हणाला, "मला नको. माझी मुळं खोल."
भुंगी गेली बोरीकडं. बोर म्हणाली, "मला नको. मला ऊनच बरं."

माझ्या भिंतीमागं होतं अळू. पानं खाली लोंबलेली, हत्तीच्या कानासारखी.

भुंगी गेली अळूकडं. गुंई गुंई.
"अळू, अळू, पाणी पी ना.
अक्का थांबेना,
बादली थांबेना,
पाणी थांबेना,
माती वाळेना,
तरवड फूल देईना,
बाळं माझी भुकेली."

अळू म्हणालं, "पिईन का म्हणून काय विचारतेस? आण, आण, लवकर आण!"

भुंगीनं अक्काला अळू दाखवलं. अक्का आली. बादली अळूत उलटी केली. भस्स! अळू प्यायलं. गट गट गट. कान झाले ताठ!

मग काय!
अक्का थांबली,
बादली थांबली,
पाणी थांबलं,
माती वाळली. हळू... हळू... ऊन होतंच की!
तरवड फुलला. एक फूल! दोन फुलं! झुडूपभर फुलं!

भुंगीनं पीठ भरलं. पायाला पिवळं, पोटाला पिवळं, नाकाला पिवळं. गुंई गुंई घरी गेली. बाळं जेवली. मटामटा!

अक्का कुंपणापाशी आली. मला म्हणाली, "आबा, भुंगीची बाळं जेवली की हो! आता अळूची चार पानं काढा. वड्या मी करते, तुम्ही खायला या. येताना हात धुऊन या, आणि ते पाणीपण अळूलाच घाला!"