मोरपीस लावलेल्या तीन घुशी

नदीकाठच्या एका रानात एक घूस राहत असे. मुलांनो, घूस दिसायला काही देखणी नसते, पण माती उकरावी तर तिनेच. बिळात तिची लहान पिले होती आणि म्हातारी आई होती. त्याच रानात एका कोल्ह्याची काकडीची वाडी होती. ओढ्याचे पाणी वाडीपर्यंत आणण्यासाठी त्याने या घुशीला आणि तिच्या दोघी शेजारणींना पाट खणायला लावले. मजुरी ठरली घटकेला एक कंद. शिवाय रानाचा नियमच होता, की सूर्य डोंगराला टेकल्यावरही कुणाला कामावर ठेवले, तर पुढच्या प्रत्येक घटकेला दुप्पट मजुरी द्यायची. दिवस कामाचा, संध्याकाळ पिलांची, असे जुन्या जाणत्यांनी ठरवून ठेवले होते.

काकड्या तहानल्या होत्या आणि कोल्ह्याला घाई होती. पण दुप्पट कंद द्यायचे त्याच्या जिवावर आले. एका सकाळी तो तीन मोरपिसे घेऊन आला. एकेक पीस तिघींच्या कानामागे खोवत म्हणाला, "घूसबाई, आजपासून तुम्ही मजूर नाही, मुकादम! आणि मुकादमाने का घटका मोजायच्या? रोजचे कंद ठरलेले. दुप्पट मजुरीचा नियम मजुरांसाठी असतो, मुकादमासाठी नाही." घुशीला आजवर कुणी 'बाई' म्हटले नव्हते. ती पाण्यात आपले रूप बघून आली आणि दुप्पट जोमाने खणू लागली.

दिवस बुडाला तरी पाट काही सुटेना. पूर्वी संध्याकाळी ती पिलांसाठी दाणे वेचत असे; आता ती परतेपर्यंत पिले उपाशीच झोपी जात. धाकट्याच्या तर बरगड्या दिसू लागल्या. एकदा म्हातारीने तिचा पंजा हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "अगं, मुकादमाच्या नखांत एवढी माती?"

"काम असतं आई. मानाची जागा आहे."

"असेल बाई. पण मानाने पिलाचं पोट भरलेलं मी काही पाहिलं नाही. आणि मुकादमाला दुप्पट मजुरी नाही, हे तू कुणाकडून ऐकलंस? ज्याला कंद द्यायचे आहेत, त्याच्याकडूनच ना?"

घुशीला हे सुचलेच नव्हते. सकाळी ती शेजारणींना घेऊन थेट हत्तिणीकडे गेली. रानाचे नियम हत्तीण सांभाळत असे. कोल्ह्यालाही बोलावणे गेले. हत्तिणीने तिघींकडे पाहिले. "तिघी मुकादम? मग खणतं कोण?"

"आम्हीच," घूस म्हणाली.

वरच्या फांदीवरचा कावळा खो खो हसला. "काय राव! मुकादमांचीच फौज!"

हत्तीण हसली नाही. तिने घुशीला विचारले, "कामावर कुणाला घ्यायचं, कुणाला घरी पाठवायचं, हे तू ठरवतेस का?"

"मला स्वतःलाच घरी जाता येत नाही, हत्तीणआजी."

कोल्हा पुढे झाला. "पण हिने पीस राजीखुशीने लावून घेतलं! आणि पलीकडच्या रानात तर दुप्पट मजुरीचा नियमच नाही."

"पलीकडे पलीकडचा नियम," हत्तीण शांतपणे म्हणाली. "पाट या रानात खणलाय. मुकादमाला हा नियम लागू नाही, हे तू खरं सांगितलंस. पण मुकादम कोण, ते पिसावरून ठरत नाही, कामावरून ठरतं. आणि ती राजी झाली म्हणून नियम सुटत नाही. सूर्य टेकल्यानंतरच्या साऱ्या घटकांचे दुप्पट कंद आजच्या आज तिघींच्या बिळाशी पोचले पाहिजेत."

कोल्ह्याने कंद वाहिले. स्वतःच्या पाठीवर वाहिले, कारण मजूर लावायची आता त्याची छाती होईना. त्या दिवशी घुशीची पिले पोटभर जेवली आणि धाकट्याने मोरपीस घेऊन बिळभर धुडगूस घातला.

दुसऱ्या दिवशी घूस पुन्हा पाटावर गेली. काम तेच, कोल्हाही तोच. पण सूर्य डोंगराजवळ सरकला, तसा कोल्हा स्वतःच धावत आला. "पुरे, पुरे! उरलेलं उद्या बघू. घरी जा बायांनो, पिलं वाट बघत असतील!"

घुशीने नखे झाडली आणि उजेड होता तोवर ती दाणे वेचायला निघाली.

तात्पर्य : आपल्याला कुणी काय नाव दिले हे न पाहता आपण काम काय करतो ते पाहावे, आणि आपल्या कष्टाचा नियम, ज्याला मोबदला द्यायचा आहे त्याच्या तोंडून नव्हे, तर स्वतः विचारून समजून घ्यावा.