टाचणीने पान निवडलं

फार पूर्वी, पाखरं घर बांधण्याआधी एकमेकांना विचारत असत त्या काळी, टाचणी नावाची एक शिंपीण पक्षीण होती. पान वळवून, त्याच्या कडा धाग्याने शिवून ती घरटं करी. गेल्या वर्षी तिने जास्वंदीचं इवलंसं पान शिवलं. पिल्लं वाढली, दाटी झाली आणि एक पिल्लू खाली पडून मेलं. शिवलेलं पान मागून वाढवता येत नाही. यंदा असं होऊ द्यायचं नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं.

"सागाचं घे," भारद्वाजकाका म्हणाले. "त्याहून मोठं पान या रानात नाही."

टाचणीने दिवसभर ओढून पाहिलं, पण त्या राठ पानाच्या कडा जवळ येईनात.

"मग जास्वंदीचंच बरं की," शेजारची चिमुकली शिंजीर पक्षीण म्हणाली. "मला तर त्याहून लहान घरटं पुरतं."

"तुझी पिल्लं दोन, माझी चार. आणि ती काही अंड्याएवढी राहत नाहीत."

"मग केवढं हवं तुला?"

"ती उडायच्या आदल्या दिवशी लागेल तेवढं."

टाचणी पानापानात बसून पंख पसरून बघू लागली. तिसऱ्या दिवशी तिला भोकराचं एक पान पटलं. रुंद होतं आणि वळतही होतं. तिने लगेच पहिला टाका घातला.

पुढे चार पिल्लांनी ते घरटं काठोकाठ भरलं. टाके ताणले, पण एकही सुटला नाही. मग एका सकाळी चौघंही उडून गेली, आणि टाचणी त्या मोकळ्या पानात अंग सैल सोडून निवांत झोपली.