साळूबाईची सावली

डोंगरावरच्या एका मठात उन्हात आरशांची मोठी थाळी मांडून भात शिजवीत, तेव्हाची गोष्ट. शेजारच्या वळचणीला साळूबाई साळुंकी राही. तिला साऱ्यांच्या घरातलं ठाऊक असायचं. एका सकाळी आचाऱ्याचं बोलणं तिच्या कानावर पडलं, "उद्या आरसे उतरवायचे आणि..." पुढचं भांड्यांच्या आवाजात बुडालं.

आरसे कायमचेच काढणार, असं तिनं धरलं. आज हंडा भरून भात झाला तर आरसे कोण कशाला उतरवेल, असं तिला वाटलं.

थाळीतला सर्वांत जुना आरसा रोज तिच्या सावलीवरून अंदाज सांगे आणि आचारी तेवढेच तांदूळ घाली. सावली काळी तर हंडा भरून, फिकी तर अर्धा; कारण सरळ आलेलं ऊनच आरशांना हंड्यावर गोळा करता येई.

"साळूबाई, सावली कशी आहे?" जुन्या आरशानं विचारलं.

आभाळ धुरकट पांढरं होतं. उजेडानं डोळे दिपत होते, पण सावली जेमतेम.

"काळीभोर आहे, आजोबा."

"मला तर सगळं पांढरंच दिसतंय. पण तू म्हणतेस, तर भरू दे हंडा."

दुपारी भात कच्चाच निघाला. "वय झालं तुमचं," हंडा आजोबांवर कुरकुरला.

दुसऱ्या दिवशी आरसे उतरवले, पुसून लख्ख केले आणि पुन्हा बसवले. एक सोडून. "कालचा भात यानंच बिघडवला," म्हणत आचाऱ्यानं जुना आरसा मोरीपाशी टांगला.

तिथूनही तो रोज विचारतो, "साळूबाई, आज सावली कशी?" ती खरं सांगते. पण आता त्यावर कुणी हंडा भरत नाही.